नाजलाचा दोर कुणी धरायचा

लेबनॉनमधल्या जुनियेच्या आखातात भर दुपारी दोनच्या सुमाराला मोटारबोटीचा आवाज उठला, की किनाऱ्यावरचे लोक ताटावरून मान न उचलता सांगायचे, मखूल मिस्त्रीने कुणाचं तरी इंजिन बरं केलं. तिथल्या वॉटर-स्कीच्या क्लबच्या सभासदांची ती जेवणाची आणि मग आडवं होण्याची वेळ. पाणी मोकळं, गच्ची मोकळी, लाल-पांढऱ्या छत्र्या मिटलेल्या. दुरुस्त झालेली बोट तासभर पळवून पाहायची, ही मिस्त्रीची रीत होती आणि तिला कुणाची ना नव्हती. आता बोट पळवायचीच, तर मागे ओढायला वजन हवं. आणि वजनच हवं, तर आपली पोरगी काय वाईट, असा त्याचा साधा विचार. अशी नाजला वयाच्या दहाव्या वर्षी पायांत दोन फळ्या बांधून पाण्यावर उभी राहिली. इंजिन तपासायचं वजन म्हणून.

दोन वर्षांत ती दोन फळ्यांवरून एका फळीवर आली. मग क्लबच्या अडगळीत पडलेली, टोक तुटलेली एक आखूड रुंद फळी मिस्त्रीने घासून, वॉर्निश लावून तिला दिली. आखूड फळी ही कसरतींसाठी असते. तिच्यावर गिरक्या घ्यायच्या, पाठमोरं व्हायचं, पुन्हा तोंड वळवायचं. त्यातली सगळ्यांत अवघड कसरत म्हणजे हातातला दोर पायात घालायचा. दोराच्या मुठीला एक पट्टा असतो. त्यात एक पाऊल अडकवायचं, दुसऱ्या पायावर उभं राहायचं, हात मोकळे पसरायचे, आणि बोट आपल्याला पायाने ओढत नेत असताना वळायचं.

हातात दोर असला तर पडणारं माणूस मूठ सोडून देतं आणि सुटतं. पायातला दोर असा सुटत नाही. म्हणून बोटीत एक जण मागे तोंड करून बसलेला असतो. दोर बोटीच्या खांबाला जिथे अडकवलेला असतो तिथे एक खटका असतो, आणि त्याची दोरी या माणसाच्या मुठीत. पोरगी पडते आहे असं दिसलं की त्याने खटका ओढायचा. दोर बोटीपासून सुटतो, पाय वाचतो. एवढंच त्याचं काम. डोळा लवू द्यायचा नाही, शिंकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

नाजलासाठी हे काम तिचा बाप करायचा. सुकाणूवर वर्कशॉपमधला हन्ना, खटक्यावर मिस्त्री. तीन वर्षं, रविवार सोडून रोज. त्या तीन वर्षांत ती शेकडो वेळा पडली असेल; कधी घोटासुद्धा मुरगळला नाही. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मिस्त्रीला मुलगा नव्हता, म्हणून धक्क्यावरचे कोळी त्याला चिडवायला ‘अबू नाजला’, नाजलाचा बाप, म्हणायचे. तो चिडायचा नाही. कुणी नुसतं मखूल म्हटलं तर ओ द्यायला उशीर करायचा.

त्याची बायको वर्दे डोंगरातली. तिला हा सगळा प्रकार मुळातच मान्य नव्हता. ती म्हणायची, आमच्या गावात बकरीच्या पायाला दोर बांधतात, आणि तोही ती पळून जाऊ नये म्हणून.

नाजलाचं दुखणं एकच होतं, दुपार. ज्याला आखात ठाऊक आहे त्याला सांगायला नको, सकाळी पाणी थाळीत ओतलेल्या तेलासारखं असतं. सकाळची वेळ सभासदांची. दुपारी दोनला वारा सुटतो, पाण्याला दात येतात, आणि तेच दातेरी पाणी तिच्या वाट्याला. क्लबच्या मुली सकाळी सात वाजता सपाट पाण्यावर गिरकी शिकत असायच्या तेव्हा ही धक्क्यावर बापाचे पाने-पकडी पुसत बसलेली असायची. नुसती बघायची. तिचं ते बघणं पाहून क्लबच्या मुली टॉवेल गुंडाळून घ्यायच्या.

चौसष्ट सालचा उन्हाळा. क्लबच्या दारावर कागद लागला: ऑगस्टमध्ये आपल्या आखातात सात देशांच्या मुलामुलींची स्पर्धा, सतरा वर्षांखालची. क्लबची एक मुलगी उतरणार होती, अध्यक्ष मस्यू रेमों यांची भाची. तिने मार्चमध्ये वर डोंगरात बर्फावर घसरताना गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं आणि ते काही नीट जुळून येईना. यजमान देशाची एकही मुलगी नाही म्हणजे नाचक्की. तेव्हा एका दुपारी मस्यू रेमों जेवण अर्धवट टाकून, दातात काडी घेऊन धक्क्यावर आले. वारा सुटलेला, पाणी खवळलेलं. नाजला पायात दोर घालून पाठमोरी झाली, पुन्हा समोर आली. त्यांनी काडी काढून पाण्यात टाकली.

मस्यू रेमों उंच, गोरे, केस मागे चापून बसवलेले. अर्धं फ्रेंचमध्ये बोलायचे आणि उरलेलं आपल्यावर उपकार केल्यासारखं. त्यांनी मिस्त्रीला विचारलंच नाही. ते थेट नाजलाला म्हणाले, “पहिल्या तिघींत ये. तुला सभासदाचं कार्ड देतो. सकाळी सातला ये, नऊला ये, पाहिजे तेव्हा ये.”

मिस्त्री बोटीत वाकून तेलाचा डबा शोधत होता. तो त्याच्या पायाशीच होता.

तीन महिने नाजला कार्डासाठी जेवली आणि कार्डासाठी झोपली. आणि त्या तीन महिन्यांत तिने एक गोष्ट कमावली जी आखातात कुठल्याच मुलीला येत नव्हती: पायात दोर, हात मोकळे, आणि पूर्ण गिरकी. समोरून पाठमोरी, पाठमोरीवरून न थांबता पुन्हा समोर. त्या गिरकीत अध्येमध्ये एक असा क्षण येतो की खांदा एकदम खाली जातो. बघणाऱ्याला वाटतं, गेली. ती गेलेली नसते, तो खांदा खाली गेल्याशिवाय गिरकी पुरी होतच नाही. हे जगात तिघांना ठाऊक होतं: नाजलाला, हन्नाला आणि मखूल मिस्त्रीला. सरावात तो खांदा साठ-सत्तर वेळा खाली गेला आणि मिस्त्रीने साठ-सत्तर वेळा मूठ आवळून धरली, खटका ओढला नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला आणि आमच्या आखाताने नाटकाच्या पहिल्या खेळाला सजावं तसं सजून घेतलं. सात झेंडे, कर्ण्यांवर फ्रेंच गाणी, गच्चीवर पांढऱ्या हॅटी, धक्क्यावर तीळ लावलेल्या पावाची कडी विकणारे. इटलीची मुलगी आली तिच्याबरोबर आई, मावशी आणि मालिश करणारा. फ्रान्सच्या मुलीच्या फळ्यांना कापडाच्या पिशव्या होत्या. नाजलाच्या पाठीवर अकरा नंबर, अंगात मस्यू रेमोंच्या भाचीचा उसना पोशाख, जो वर्देने खांद्यापाशी दोन बोटं आत घेतला होता. टाके दिसत होते.

नियम असा: हाताची एक फेरी, पायाची एक फेरी, दोन्ही वीस-वीस सेकंदांच्या. पडलं की तिथपर्यंतच्याच कसरतींचे गुण. असं दोन दिवस, आणि ज्या दिवशी जास्त गुण तो दिवस धरायचा. खटक्यावरचा माणूस ज्याचा त्याने आणायचा आणि त्याचं नाव आधी कागदावर लिहून द्यायचं. त्याने चुकून दोर लवकर सोडला तर फेरी संपली. ती पुन्हा मिळत नाही. नाजलाने मोठ्या अक्षरांत ‘मखूल’ लिहिलं आणि खाली सही केली. आयुष्यातली पहिली सही.

हाताची फेरी चोख झाली. मग पायाची. बोट वळून आली, नाजलाने पट्ट्यात पाऊल घातलं, हात पसरले. पाठमोरी झाली, समोर आली. गच्चीवरून टाळी आली. आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूने मस्यू रेमोंच्या पाहुण्यांची मोठी यॉट जवळून बघायला म्हणून आत शिरली. तिच्यामागून एक लांबलचक लाट निघाली. दातेरी पाण्यावर पाच वर्षं काढलेल्या मुलीला ती लाट म्हणजे काहीच नव्हतं. तिने लाट पाहिली, गुडघा थोडा सैल केला आणि गिरकी घेतली. खांदा खाली गेला.

मिस्त्रीने खटका ओढला.

दोर ढिला पडला. नाजला गिरकीचा दुसरा अर्धा भाग पुरा करून समोर तोंड करून उभी होती. पायात पट्टा, हात पसरलेले, पुढे मेलेला दोर. फळी हळूहळू बुडत गेली आणि ती उभ्याउभ्या कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत पाण्यात गेली. असं बुडणं कुणी पाहिलं नव्हतं. गच्चीवर हशा उठला. वाईट मनाचा नव्हता तो हशा; पण हसणाऱ्याचं मन ज्याच्यावर हसतात त्याला दिसत नसतं. कर्ण्यावरून गुण सांगितले. नववा नंबर.

बोट तिला घ्यायला वळली. ती बोटीत चढली नाही. पोहत धक्क्याला आली, फळी वर फेकली, आणि मिस्त्री धक्क्यावर उतरेपर्यंत तिथेच पाणी निथळत थांबली. आजूबाजूला कोळी, पंच, मालिशवाला, क्लबची पोरं. तिने आवाज मुळीच चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“मी उभी होते, बाबा.”

मिस्त्रीने खिशातलं फडकं हातात घेतलं.

“तुमच्यापेक्षा दोर नुसता खांबाला बांधून ठेवला असता तरी चाललं असतं. खांब तरी घाबरत नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. मागून एक कोळी म्हणाला, “अबू नाजला, घरी जा आणि अंडी उबव.” मिस्त्रीने हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं, मग काढलं, पुन्हा घडी घातली.

इथे जोजोचं सांगायला हवं. जोजो मस्यू रेमोंचा पुतण्या, बावीस वर्षांचा, क्लबचा सगळ्यांत चांगला खेळाडू. तो वाईट मुलगा नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं. वर्कशॉपमध्ये आला की सगळ्यांना सिगारेट द्यायचा, हन्नाच्या आईच्या मयताला पायी डोंगर चढून गेला होता. पण क्लबच्या पोरांचा एक खेळ होता. मुलगी पाण्यावरून पडली की बोटीतल्याने दोर लगेच सोडायचा नाही. ती मुठीला धरून पाण्यातून फरफटत येते आहे, आणि धक्क्यावरची पोरं मोजताहेत: एक, दोन, तीन. मुलगी जितकी टिकेल तितकी ती धीट, आणि ज्याने दोर जास्त वेळ धरला त्याने तिचा तितका मान राखला. लवकर सोडला तर मुली रुसायच्या; मला काय मेणाची समजलास, म्हणायच्या. या मोजणीत जोजोचा हात कुणी धरत नसे. नाका-तोंडात पाणी गेलेल्या मुली हसत वर यायच्या आणि रात्रीच्या नाचाला पहिलं त्याच्याबरोबर उठायच्या. हातातल्या दोराचा खेळ होता तो. कंटाळा आला की मूठ सोडायची, झालं.

संध्याकाळी मस्यू रेमोंनी मिस्त्रीला गच्चीच्या पायऱ्यांपाशी बोलावलं. वर बोलावलं नाही. कामगारांनी वर यायचं नाही असा नियम होता. ते म्हणाले, “मिस्त्री, इंजिन तुझं. पोरगी उद्यापुरती क्लबची. खटक्यावर जोजो बसेल.”

मिस्त्री म्हणाला की खटक्यावर कोण ते मुलीने लिहायचं असतं, नियम आहे.

“तिने लिहिलंय,” मस्यू रेमों म्हणाले आणि कागद दाखवला.

तसं तिने खरंच लिहिलं होतं. मिस्त्रीला वाचता फारसं येत नव्हतं, पण पहिल्या कागदावर स्वतःचं नाव कसं दिसतं ते त्याने नीट पाहून ठेवलं होतं. हे ते नव्हतं.

घरी वर्देने वांग्याची भाजी वाढली. बापलेक समोरासमोर बसून जेवले. मिस्त्रीने तिला एकच सांगून पाहिलं: जोजोला पायाच्या दोराची सवय नाही, त्याच्याबरोबर सकाळी एक फेरी तरी मारून बघ. नाजलाने भाकरीचा तुकडा मोडला. सकाळची फेरी सभासदांची असते, ती म्हणाली, मला अजून कार्ड मिळालेलं नाही. वर्देने दोघांकडे बघून भांडी उचलली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर आदल्या दिवसाच्या दुप्पट माणसं. मिस्त्री वर्कशॉपच्या दारात राहणार होता, पण पायांनी त्याला पुढे आणलं. जोजो पांढऱ्या पँटमध्ये बोटीत चढत होता. त्याने नाजलाला काही सूचना आहे का विचारलं. तिने बापाकडे पाहिलं, तो ऐकतोय याची खात्री केली आणि मगच बोलली.

“मी पाण्याखाली गेले तरी सोडायचं नाही.”

जोजोने हात छातीवर ठेवला. “तुझा शब्द माझ्या डोक्यावर आणि डोळ्यांवर.”

मिस्त्री एक पाऊल पुढे आला. जोजोबाबा, तो म्हणाला, पाय आहे तो, हात नव्हे. जोजोने हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खाऱ्या बदामांची पुडी त्याच्यापुढे धरली. मिस्त्रीने एक बदाम घेतला. कुणी पुढे केलं की घ्यायचं, अशी त्याची पद्धत होती. तो बदाम त्याच्या मुठीत तसाच राहिला.

हाताची फेरी आदल्या दिवसापेक्षा चढ झाली. पायाच्या फेरीत नाजला पाठमोरी झाली, समोर आली, पुन्हा पाठमोरी झाली, पुन्हा समोर. आणि मग गिरकी. खांदा खाली गेला, धक्क्यावरच्या दोन हजार माणसांचा श्वास अडकला, आणि जोजोने खटका ओढला नाही. गिरकी पुरी. गच्ची उभी राहिली. आयुष्यभर टाळ्या ऐकलेल्या माणसालासुद्धा हेवा वाटावा अशी ती टाळी होती. कर्णेवाला गाणं थांबवायला विसरला.

पंचांच्या वह्यांत तेव्हाच ती तिसरी आली होती. चौथीपेक्षा तीन गुण वर. कार्ड तिचं झालं होतं. पण हे पाण्यावर उभ्या असलेल्या मुलीला कोण सांगणार? तिच्या हिशेबी वीस सेकंदांतले तीन-चार अजून बाकी होते. तिने उलट्या अंगाने दुसरी गिरकी घेतली, जी सरावात तिला दहांतून तीनदा जमायची. या वेळी खांदा खाली गेला आणि वर आला नाही.

ती पडली, बोट पुढे, पाय दोरात.

जोजोने पाहिलं. त्याची मूठ खटक्याच्या दोरीवर होती. तिचा शब्द त्याच्या डोक्यावर आणि डोळ्यांवर होता. आणि धक्क्यावर क्लबच्या पोरांनी, पाच उन्हाळ्यांच्या सवयीने, आनंदाने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तिळाची कडी विकणारे, इटलीच्या मुलीची मावशी, सगळे त्या मोजण्यात मिसळले. परक्यांना वाटलं ही इथली दाद देण्याची पद्धत. तीन. पाण्यातून एक पाय सरळ वर आलेला दिसत होता, बाकी नाजला कुठेच नव्हती. चार. धक्क्याच्या टोकावर एक माणूस दोन्ही हातांनी हवा ओढत, खटका ओढायची खूण करत ओरडत होता. तो कोण ते बहुतेकांना ठाऊक होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पाच. पाय भलत्याच बाजूला वळला. सहा मोजून झाल्यावर जोजोने खटका ओढला, आणि हात वर करून धक्क्याकडे पाहिलं.

मिस्त्री कपड्यांसकट पाण्यात होता.

बैरूतच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यात जे जे म्हणून जोडलेलं असतं ते सगळं तुटलं आहे. पाय राहील, चालेलही, नशीब असेल तर काठीशिवाय. फळीवर उभं राहायचं नाव काढायचं नाही. वर्देने सगळं ऐकून घेतलं, रुमाल डोक्यावर घट्ट केला आणि नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही बापलेकींनी मिळून एक पाय खाल्लात.” त्यानंतर ती आठ महिने त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची.

पाचव्या दिवशी मस्यू रेमों आले. फुलं, चॉकलेटची पेटी, रेशमी फितीतलं कांस्यपदक. जोजो आला नव्हता. त्याला फ्रान्सला दुसऱ्या काकांकडे पाठवलं होतं, तो जेवत नाही असं ते म्हणाले. आणि ते खरं असावं. नाजला भिंतीकडे तोंड करून पडली होती; झोपली आहे असं त्यांना वाटलं. माणसाला इस्पितळात काहीतरी चांगलं बोलावं लागतं, तसं ते बोलले. मिस्त्री, तुझा डोळा खरा ठरला, ते म्हणाले. पहिल्या दिवशी ती पडतच होती, तू वाचवलंस, आम्हीच मूर्ख, ऐकलं नाही.

किती सोपं होतं. मान हलवायची होती फक्त. सगळ्या आखाताने आपणहून ते मान्य केलं असतं. कोळ्यांनी तर केलंच होतं, आता त्याला ‘अबू नाजला’ म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. आणि अंथरुणातल्या मुलीलाही काहीतरी धरायला मिळालं असतं: बाप बरोबर होता, मी चुकले.

“नाही, मस्यू,” मिस्त्री म्हणाला. “ती उभी होती.”

“असं तुला आता वाटतं.”

“तेव्हाच दिसलं होतं. खांदा खाली गेला तो गिरकीचाच होता. मला ठाऊक होतं.”

“मग सोडलंस का?”

मिस्त्रीने आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

“भ्यालो.”

मस्यू रेमोंनी चॉकलेटची पेटी खाटेच्या टोकावरून उचलून मध्ये ठेवली आणि थोड्या वेळाने गेले. खोलीत दोघंच उरली. नाजलाने भिंतीवरून तोंड वळवलं नाही. पण ती पहिली गिरकी, जिची कुठल्याही वहीत नोंद नाही, जिच्यावर सगळी गच्ची हसली, ती झाली होती असं जगात एकाच माणसाने मोठ्याने सांगितलं, आणि त्याच वाक्यात त्याने तिचा पाय कुणामुळे गेला तेही सांगून टाकलं. तो लवकर भ्याला नसता तर पहिल्याच दिवशी ती तिसरी आली असती, आणि जोजो त्या बोटीत बसलाच नसता. बापालाही हे ठाऊक होतं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, आणि संध्याकाळी नर्सने हाकलल्यावर गेला.

कार्ड आलं. मस्यू रेमों शब्दाला पक्के होते. जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी कडेचं, फोटोसकट.

पुढच्या मे महिन्यात क्लब उघडला त्या दिवशी सकाळी सात वाजता नाजला कुबड्या घेऊन पायऱ्या चढून गच्चीवर गेली. दारवानाला कार्ड दाखवलं. पाण्याकडच्या पहिल्या टेबलाशी बसली, लोखंडी पट्ट्या लावलेला पाय समोरच्या खुर्चीवर लांब ठेवला आणि लिंबूपाणी मागवलं. सकाळचं पाणी थाळीतल्या तेलासारखं पसरलं होतं. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. बायकांनी खुर्च्या आत हलवल्या. तिच्यासमोर केक खाणं लोकांना जड जाऊ लागलं. कुणीतरी मस्यू रेमोंना सुचवलं की तिला आत, पंख्याखाली बसवावं. त्यांनी जाऊन विचारलं, तर ती म्हणाली की कार्डावर टेबलाचा नंबर लिहिलेला नाही. सबंध उन्हाळाभर ती रोज आली. मुद्दाम, हे सगळ्यांना कळत होतं. बरोबर गच्चीखाली वर्कशॉप होतं, आणि फळ्यांच्या फटीतून कुबडीचं रबरी टोक मिस्त्रीला दिसायचं. दुपारची बोट आता तो रिकामीच पळवायचा.

जूनच्या शेवटी नव्या मुलींचा सराव सुरू झाला. एका डॉक्टरांची तेरा वर्षांची मुलगी, रीमा, पहिल्यांदा पायात दोर घालणार होती. क्लबची पोरं आता खटक्यावर बसायला राजी नव्हती; मोजायचा खेळ बंद पडला होता, कुणी बंद केला नव्हता तरी. रीमा पट्टा हातात घेऊन गच्चीवर आली, सरळ नाजलाच्या टेबलापाशी, आणि लहान मुलांच्या निर्दयपणाने तिने विचारलं की माझा पाय असा व्हायला नको असेल तर खटक्यावर कुणाला बसवू.

आजूबाजूच्या टेबलांवर चमचे थांबले.

नाजलाने कुबडीचं टोक फळ्यांवर दोनदा आपटलं. खालची हातोडी बंद झाली. मिस्त्री पायऱ्यांपाशी आला, तेलकट हात अंगापासून दूर धरून, पहिल्या पायरीवर पाय न ठेवता.

“यांना घे,” नाजला म्हणाली.

मिस्त्रीने मान हलवली. मी आता ते काम करत नाही, तो म्हणाला. बाईसाहेबांनी दुसरं कुणी बघावं. इस्पितळापासून तो मुलीशी असाच, तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा बोलायचा.

रीमाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. “पण ते घाबरतात ना? सगळे म्हणतात.”

“हो,” नाजला म्हणाली, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं. “घाबरट आहे माझा बाप. तुझी फेरी नासवेल. तुझा नंबर घालवेल. म्हणूनच सांगते, दुसऱ्या कुणाला घेऊ नकोस.”

मिस्त्री तिथेच उभा राहिला. मग त्याने खिशातलं फडकं काढून हात पुसले, एकेक बोट करून, आणि धक्क्याकडे गेला. हन्नाने इंजिन चालू केलं. त्या सकाळी सपाट पाण्यावर त्याने रीमाचा दोर चार वेळा सोडला. चारांतल्या तीन वेळा ती पडत नव्हती. चौथ्यांदा दोर सुटल्यावर ती पाण्यातून रडत वर आली आणि त्याला वाटेल तसं बोलली. तो पुढे वाकून दोर गोळा करत राहिला, आणि वर गच्चीवर नाजलाने आणखी एक लिंबूपाणी मागवलं.